पाण्याचा पाइप हवेला नको

कोल्हापूरहून एका निवृत्त शिक्षकांचं पत्र आलं आहे. थोडं आटोपशीर करून देते:

‘घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये मी लाकूडकाम करतो. पाट, देव्हारे, नातवंडांची खेळणी असं काही ना काही चालू असतं. गेल्या दिवाळीत उद्यमनगरातून दोन एचपीचा, शंभर लिटर टाकीचा जुना कंप्रेसर घेतला. घराच्या बांधकामातून अर्धा इंची पांढरा यूपीव्हीसी (कडक प्लास्टिकचा) पाइप उरला होता. तो प्लंबरकडून भिंतीच्या कडेने, डोक्याइतक्या उंचीवर चाळीस फूट फिरवून घेतला आणि तीन ठिकाणी जोडण्या काढल्या. प्लंबरने पाण्याचा पंप लावून १५ किलो दाबाला लाइन तपासून दाखवली, थेंब गळला नाही. पाइपवर ६०० पीएसआय (साधारण १४ पीएसआय म्हणजे एक किलो दाब) छापलेलं आहे आणि माझा कंप्रेसर ८ किलोला बंद पडतो. मागच्या महिन्यात भाचा आला होता. तो चाकणला कारखान्यात मेंटेनन्सला आहे. लाइन बघताच म्हणाला, “मामा, हे आधी बंद करा, पाइप फुटला तर डोळा जाईल.” मेव्हणे म्हणतात, त्यांच्या गॅरेजमध्ये असाच पाइप सहा वर्षं आहे, काही झालेलं नाही. बायकोने मात्र तेव्हापासून नातवाला शेडमध्ये पाठवणं बंद केलंय. कोणाचं खरं मानू? पाइपवर प्लास्टर करून घेतलं तर चालेल का? आणि बदलायचाच झाला तर पेन्शनमध्ये बसेल असं काय लावू?’

सर, भाच्याचं खरं आहे, आणि वहिनींनी केलं तेही अगदी बरोबर केलं.

पुढचं वाचण्याआधी एक काम करा. कंप्रेसर बंद करून प्लग काढा. टाकी आणि लाइन यांच्यामधला कॉक उघडाच राहू द्या, आणि टाकीच्या तळाचा ड्रेन कॉक हळूहळू सोडा. चष्मा किंवा गॉगल लावा आणि पाइपच्या जवळ उभे राहू नका. गेजचा काटा शून्यावर आला की सगळ्यात शेवटच्या जोडणीचा कॉक उघडून लाइन खरंच रिकामी झाली आहे याची खात्री करा. मध्ये रेग्युलेटर असेल तर टाकी रिकामी होऊनही पुढच्या पाइपात हवा अडकून राहू शकते, म्हणून ही खात्री हवीच. त्यानंतर तो पाइप पुन्हा हवेला जोडायचा नाही.

आता कारण. तुमच्या प्लंबरने काम नीट केलं आहे, आणि पाइपवर छापलेला आकडाही खोटा नाही. तरीही ही लाइन धोक्याची आहे. हे दोन्ही एकाच वेळी खरं कसं, हे समजून घेतलंत तर मेव्हण्यांनाही पटवता येईल.

पाणी दाबलं तरी जवळजवळ आक्रसत नाही. त्यामुळे १५ किलोच्या पाण्याने भरलेल्या पाइपात साठलेली शक्ती फारच थोडी असते. पाइपला चीर गेली की चमचाभर पाणी बाहेर येतं, दाब तिथेच कोसळतो आणि चीर पुढे सरकायचं कारण उरत नाही. हवेचं असं नाही. ८ किलोच्या दाबाला हवा नऊपट लहान जागेत कोंबलेली असते आणि मोकळी होताना ती नऊपट पसरू पाहते. तेवढ्याच जागेत, तेवढ्याच दाबाच्या पाण्यापेक्षा हवेत काही हजार पट जास्त शक्ती साठलेली असते. तुमच्या शंभर लिटरच्या टाकीचा हिशेब केला तर ती साधारण एक टनाची मोटार दहा मीटर उंच उचलण्याइतकी भरते. चाळीस फूट पाइपात स्वतःची हवा जेमतेम दोन लिटर असेल, पण पाठीमागे ही टाकी उभी आहे आणि कॉक उघडा आहे.

पाइपाच्या जातीचा प्रश्न इथे येतो. जीआय (जस्त चढवलेला लोखंडी) किंवा तांब्याचा पाइप खराब झाला तर सहसा आट्यात किंवा गंजलेल्या जागी बारीक भोक पडतं, फुस्स आवाज येतो, तुम्ही कॉक बंद करता, संपलं. यूपीव्हीसी ठिसूळ आहे. त्याला गेलेली चीर पाइपाच्या लांबीने धावते, आणि आतला दाब उतरण्याआधी ती पुढे निघून गेलेली असते, कारण पसरणारी हवा तिला मागून ढकलतच राहते. पाइप फाटून थांबत नाही, त्याच्या धारदार कपच्या होतात आणि त्या गोळीसारख्या सुटतात. तुमची लाइन डोक्याच्या उंचीवर आहे. म्हणून भाच्याने डोळ्याचं नाव घेतलं.

पाण्याच्या चाचणीने लाइन गळत नाही एवढंच कळलं. फुटली तर कशी फुटेल, हे त्या चाचणीला कधीच कळत नाही.

आता ६०० पीएसआयचं. हा आकडा पाण्यासाठी आहे आणि साधारण २३ अंश तापमानाला धरलेला आहे. पाइप तापला की त्याची ताकद उतरते. ४३ अंशांना ती निम्म्यावर येते, ६० अंशांना जेमतेम पाचवा हिस्सा उरतो. एप्रिल-मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये वरच्या अंगाला किती तापतं ते तुम्हाला सांगायला नको. त्यात कंप्रेसर बराच वेळ चालला की टाकीतून येणारी हवाही गरम असते. तुम्ही म्हणाल, निम्मे झाले तरी ३०० उरले, माझे तर ११५ सुद्धा नाहीत. हिशेब बरोबर आहे. पण सगळा पाइप काही छापलेल्या आकड्याइतका भक्कम नसतो. करवतीने कापताना राहिलेली खाच, सोल्युशन कमी-जास्त लागलेला सांधा, पितळी आट्यांचा अडॅप्टर जास्त आवळल्याने ताणलेला सॉकेट, खिडकीतून रोज ऊन लागणारा दोन फुटांचा तुकडा, शिडी टेकवताना बसलेला टोला, या जागा आधी जातात. शिवाय कंप्रेसर दिवसभर ६ ते ८ किलोमध्ये वर-खाली होत राहतो, प्रत्येक फेरीत पाइप किंचित फुगतो आणि बसतो. कंप्रेसरचं तेल थोडं थोडं हवेबरोबर लाइनमध्ये जातच असतं, आणि काही कृत्रिम तेलांनी प्लास्टिकला आतून बारीक तडे जातात. घरात गरम पाण्याला वापरतात तो सीपीव्हीसी पाइप यात जास्तच हळवा आहे, म्हणून ‘यूपीव्हीसीऐवजी सीपीव्हीसी घ्या’ असं कोणी सुचवलं तर तेही ऐकू नका. जास्त जाडीचा, शेड्यूल ८० चा पाइप घेतला तरी ठिसूळपणा जात नाही.

मेव्हण्यांच्या सहा वर्षांचं उत्तर वरच्याच परिच्छेदात आहे. हे सगळं नुकसान साठत जातं आणि बाहेरून दिसत नाही. सहा वर्षं टिकलेला पाइप नव्या पाइपापेक्षा भरवशाचा नाही, उलट जास्त थकलेला आहे. गॅरेजमध्ये त्यांची पोरं दिवसभर त्या लाइनखाली वावरत असतील. तुमची लाइन तर उतरवाच, पण त्यांनाही एकदा शेजारी बसवून हे समजावून सांगा, ही माझी मनापासून विनंती आहे.

ही भीती काही माझ्या एकटीची नाही. अमेरिकेच्या कामगार सुरक्षा खात्याने, ज्याला ओशा म्हणतात, मे १९८८ मध्ये याच विषयावर धोक्याची सूचना काढली होती. टेक्सासमधल्या एका कारखान्यात हवेची पीव्हीसी लाइन फुटून उडालेल्या तुकड्यांनी एक कामगार जखमी झाला, ते त्याचं निमित्त. जमिनीत न पुरलेल्या हवेच्या लाइनला उघडा पीव्हीसी वापरू नये, असं त्या सूचनेचं सांगणं होतं. आपल्याकडे कारखान्यांना २०२५ पर्यंत कारखाने अधिनियम १९४८ चं कलम ३१ लागू होतं. दाबाखाली चालणारी यंत्रसामग्री सुरक्षित दाबाच्या आत राहील याची जबाबदारी ते मालकावर टाकत होतं. घरामागच्या शेडला विचारायला कोणी येत नाही, म्हणून तिथलं तपासनीसाचं काम आपणच करायचं.

प्लास्टरचा प्रश्न तुम्ही विचारलात ते बरं झालं, कारण हा उपाय बरेच जण करतात. ओशाच्या सूचनेत पाइप जमिनीत पुरण्याची किंवा न फुटणाऱ्या आवरणात बंद करण्याची सोय आहे, पण भिंतीवरचा अर्धा-पाऊण इंचाचा गिलावा म्हणजे तसं आवरण नाही. पाइप फुटला तर गिलाव्याचे तुकडेही त्याच्याबरोबर उडतील. जोडण्या तर बाहेरच राहणार, आणि नेमक्या त्याच सगळ्यात कमकुवत आणि तुमच्या तोंडासमोर. शिवाय आत कुठे चीर सुरू झाली तर दिसायचीही नाही. गिलावा नको.

मग काय लावायचं? सगळ्यात आधी स्वतःला विचारा, पक्की लाइन खरंच हवी आहे का. तुमची शेड चाळीस फुटांच्या आतली आहे, काम करणारे तुम्ही एकटे आहात आणि एका वेळी एकच हत्यार चालणार. कंप्रेसर मधल्या भिंतीशी ठेवा आणि चांगली दहा मीटरची रबरी एअर होज घ्या. होजच्या अंगावर कामाचा दाब छापलेला असतो, तो २० किलोचा बघून घ्या. दोन्ही टोकांना कारखान्यातच दाबून बसवलेल्या फिटिंगची मिळाली तर उत्तम. काम झालं की गुंडाळून खुंटीला अडकवायची. तुमच्या पत्रावरून मला वाटतं, तुम्हाला एवढंच पुरेल, आणि खर्चही सगळ्यात कमी. फक्त बागेला पाणी घालायचा पारदर्शक ब्रेडेड पाइप या कामाला घेऊ नका. उन्हाळ्यात तो मऊ पडतो, क्लिपमधून निसटतो आणि सुटलेलं टोक चाबकासारखं फिरतं. त्याच्या टोकाला पितळी कपलर असेल तर तो कपाळमोक्षच.

पक्की लाइनच हवी असेल तर माझं मत जीआयला. बी क्लासचा, म्हणजे निळ्या पट्ट्याचा अर्धा इंची पाइप घ्या. तो सहा मीटरच्या लांबीत येतो, खाली आणायच्या जोडण्या धरून तुम्हाला तीन नग लागतील. आटे पाडून, टेफ्लॉन टेप लावून किंवा जुन्या पद्धतीने सुतळी-सफेदा वापरून तुमचाच प्लंबर हे एका दिवसात करून देईल. तांब्याचा पाइप आणखी चांगला, गंजत नाही, पण महाग, आणि ब्रेझिंग करणारा माणूस हवा. एसीचं काम करणारे ते करतात. हवेसाठीच बनवलेल्या ॲल्युमिनियमच्या तयार लाइनी फार छान असतात, पण पेन्शनचा विचार करता त्या मी तुम्हाला सुचवणार नाही. बाजारात हिरवा पीपीआर पाइपही हवेसाठी म्हणून देतात. उत्पादकाच्या माहितीपत्रकात हवेसाठीचा दाब आणि त्यासोबत तापमान स्पष्ट छापलेलं असेल तरच त्याचा विचार करा. दुकानदाराच्या ‘चालतोय हो’ या शब्दावर प्लास्टिकचं काहीही घेऊ नका.

जीआय लाइन टाकताना दोन-तीन गोष्टी प्लंबरला आवर्जून सांगाव्या लागतील, कारण तो पाण्याच्या सवयीने काम करणार. कंप्रेसर आणि पाइप यांच्यामध्ये दीड-दोन फूट होजचा तुकडा ठेवा. थेट पाइप जोडला तर कंप्रेसरच्या थरथरीने आटे सैल होतात. टाकीजवळ एक बॉल व्हॉल्व्ह हवाच, म्हणजे काम संपल्यावर लाइन टाकीपासून तोडता येते. आणि लाइन सपाट नको. कंप्रेसरपासून लांब जाताना चाळीस फुटांत साधारण पाच इंच उतार द्या आणि शेवटच्या टोकाला खाली एक फूटभर पाइप सोडून त्याला ड्रेन कॉक बसवा. मधल्या जोडण्या टी उलटी ठेवून, म्हणजे वरच्या बाजूने काढायच्या आणि मग वळवून खाली आणायच्या, म्हणजे पाइपच्या तळाशी वाहणारं पाणी तुमच्या स्प्रे गनमध्ये येत नाही.

पाणी कुठून येतं, तर हवेतूनच, आणि कोल्हापूरच्या पावसाळ्यात ते किती येतं याचा अंदाज बहुतेकांना नसतो. २५ अंश तापमान आणि ९० टक्के आर्द्रता धरली तर एका घनमीटर हवेत वीस ग्रॅमच्या आसपास वाफ असते. तीच हवा ८ किलोला दाबून थंड झाली की त्यातली जेमतेम अडीच ग्रॅम वाफ टिकते, बाकीचं पाणी होतं. मिनिटाला दीडशे लिटर हवा देणारा कंप्रेसर श्रावणात तासभर चालला तर दीडशे मिलीलिटरहून जास्त पाणी टाकीत आणि लाइनमध्ये साठलं. टाकी आतून कुजते ती या पाण्याने. म्हणून काम संपल्यावर टाकीचा ड्रेन कॉक उघडणं रोजचं, कंटाळा न करता.

नवी लाइन पुन्हा पाण्यानेच तपासा, १२ किलोला. आतली सगळी हवा आधी बाहेर काढून मगच पंप मारायचा. नंतर पाणी सोडून, कमी दाबाने फुंकून लाइन कोरडी करा, दाब दोन किलोवर ठेवून सांध्यांना साबणाचा फेस लावा, आणि मगच पूर्ण दाब द्या. वापरताना रेग्युलेटर सहा किलोवर पुरे, नेलरला, म्हणजे हवेवर चालणाऱ्या खिळे मारायच्या हत्याराला, सहसा त्याहून जास्त लागत नाही. हवेतलं पाणी अडवणाऱ्या फिल्टरची काचेसारखी दिसणारी वाटी पॉलिकार्बोनेटची असते. ती थिनरने पुसू नका, तिला तडे जातात आणि तीही फुटते. साबण आणि पाणी एवढंच. भोवती धातूची जाळी असलेली वाटी मिळत असेल तर तीच घ्या.

नातू शेडमध्ये येतो म्हणून हे सांगते. ब्लो गनने कपड्यांवरचा, केसांतला, अंगावरचा भुसा कधीही उडवायचा नाही, तुम्हीसुद्धा नाही. कातडीला चीर असेल तर हवा आत शिरते, रक्तात गेली तर जीव जाऊ शकतो. डोळा आणि कानाचा पडदा तर क्षणात जातो. टेबल साफ करायचं झालं तरी दाब ३० पीएसआयच्या, म्हणजे दोन किलोच्या आत, आणि गॉगल लावूनच. खरं तर भुशाला झाडू किंवा व्हॅक्यूम बरा, हवेने तो नुसता छातीत जातो. आणि मुलांना एक गोष्ट संकोच न करता, स्पष्ट शब्दांत सांगा: हवेची नळी कोणाच्याही अंगाला, विशेषतः पार्श्वभागाला, मस्करीतही लावायची नाही. अशा मस्करीत आतडी फाटून कामगार आणि पोरं दगावल्याच्या बातम्या आपल्याकडे अधूनमधून येतात. मोठं आतडं फाटायला चार-पाच पीएसआय दाब पुरतो, आणि कपड्यांवरूनही हवा आत जाते. नातवाला शेडमध्ये येऊ द्या, खेळणी त्याच्याचसाठी आहेत, फक्त त्याच्या मापाचा गॉगल घ्या आणि कंप्रेसरचं बटण तुमच्या हातात ठेवा.

राहता राहिली टाकी, जिच्याबद्दल तुम्ही विचारलेलं नाही. पण जुना कंप्रेसर म्हटल्यावर मला पाइपाखालोखाल तिचीच काळजी वाटते. टाकीवर बनवणाऱ्याची पट्टी आहे का, तिच्यावर कामाचा दाब आणि चाचणीचा दाब कोरलेला आहे का, ते बघा. रंगाखाली दडलेली असेल तर हलक्या हाताने खरवडून बघा. सेफ्टी व्हॉल्व्हची रिंग महिन्यातून एकदा ओढा, हवा जोरात सुटून रिंग सोडताच बंद व्हायला हवी. ती अडकत असेल तर व्हॉल्व्ह नवा घ्या, खर्च फार नाही. गळतो म्हणून कोणी त्या जागी प्लग मारला असेल तर तो कंप्रेसर तसाच चालू करू नका. मग टाकी उद्यमनगरात किंवा शिरोलीला हातपंपाने पाण्याची चाचणी करणाऱ्या एखाद्या फॅब्रिकेशनवाल्याकडे न्या आणि कामाच्या दाबाच्या दीडपट, म्हणजे तुमच्या बाबतीत १२ किलोला तपासून घ्या. ड्रेन कॉक काढून बॅटरीच्या उजेडात तळ आतून जेवढा दिसेल तेवढा बघा. गंजाचे पापुद्रे निघत असतील किंवा तळाला कुठे सुईएवढं जरी भोक पडलेलं असेल, तर त्यावर वेल्डिंगचा टिपका मारून घेऊ नका. आजूबाजूचा पत्राही तितकाच पातळ झालेला असतो. अशी टाकी भंगारात घाला, मोटर आणि पंप नव्या टाकीवर चढवता येतात. उतरवलेला पांढरा पाइप परसातल्या झाडांना पाणी द्यायला वापरा, त्या कामाला तो चांगला आहे.